खेळाडूंची अदलाबदल : वावडी तोलायची कशी?

(डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलढाणा इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मागच्या खेपेला व्याख्यान संपलं आणि दोन-तीन पोरं मंचापाशी आली. आम्हाला वाटलं, विषयातलं काही विचारतील. त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर तीन संघांची चिन्हं, पाच खेळाडूंचे फोटो, मध्ये बाण आणि खाली कोटींचे आकडे. "सर, हे खरं आहे का?" आम्ही म्हटलं, बाबांनो, आम्ही इतिहासाची माणसं, आम्हाला काय ठाऊक? पोरं हसून गेली. पण रात्री आमच्या लक्षात आलं की प्रश्न तर आमच्याच धंद्यातला होता. कोणीतरी काहीतरी सांगतोय, मूळ कागद हातात नाही आणि खरं-खोटं ठरवायचं आहे. इतिहासात आम्ही वेगळं काय करतो? म्हणून आजचा विषय त्या पोरांचा. खेळाडूंच्या अदलाबदलीची वावडी उठते, दोन नाही तर तीन-तीन संघांची नावं त्यात असतात, ती तोलायची कशी? आणि ही अदलाबदल मुळात आली कुठून?

आता डोणगावला हे शिकवायची गरज नाही, असंही कोणी म्हणेल. बदल्यांचा हंगाम आला की इथे काय चालतं ते आपण सगळे बघतो. चहाच्या टपरीवर बातमी येते की आपले गुरुजी लोणारला चालले. ऐकणारा लगेच विचारतो, लोणारला जागा रिकामी आहे का? नाही म्हणे, तिथले गुरुजी चिखलीला जाणार. मग चिखलीचे कुठे जाणार? ते इकडे यायला तयार आहेत का? म्हणजे बघा, एका बदलीची बातमी तीन गावं जोडल्याशिवाय पुरी होत नाही. एक जागा जरी अडली तरी साखळी तुटते आणि सगळे जिथल्या तिथे राहतात. टपरीवरचा माणूस हे बोटांवर मोजतो आणि म्हणतो, "छे, हे काही जमत नाही." किंवा म्हणतो, "हां, हे होईल बरं का." तीन संघांचा सौदा तोलण्याचं सगळं शास्त्र यात आलेलं आहे. फरक इतकाच की तिथे जागेच्या जोडीला पैसा मोजावा लागतो.

पैशाचं म्हटलं म्हणून इतिहासातली एक गोष्ट सांगतो. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे निघाले होते, त्यांचा मुक्काम भेलशाच्या बाजूला, म्हणजे आजच्या विदिशाकडे. पुढे काय झालं याच्या उलटसुलट वार्ता येत होत्या. पक्की बातमी कळली ती एका सावकाराच्या पत्रातून. सांकेतिक भाषेत लिहिलेलं ते पत्र वाटेत पेशव्यांच्या हाती आलं. ते पत्र आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, म्हणून त्यातले शब्द सांगत बसत नाही. मुद्दा वेगळा आहे. सावकाराची बातमी भरवशाची का? कारण त्याच्या हुंड्या त्या बातमीवर चालायच्या. फौज हरली की जिंकली, यावर त्याचा पैसा बुडणार की तरणार हे ठरायचं. पेढीवाल्याला खोटी बातमी परवडत नाही. दरबारातल्या खुशमस्कऱ्याला परवडते.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. पानिपतपर्यंतच्या काळाची अस्सल पत्रं त्यात आहेत. बखर नंतर लिहिलेली असते, रंगवून लिहिलेली असते. पत्र त्या दिवशीचं असतं, कामाचं असतं. म्हणून आधी पत्र, मग बखर, ही शिस्त त्यांनी लावली. मोबाइलवर बाण काढलेलं ते चित्र बखरीच्या जातीचं आहे. ते टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. बखरीतही खरं सापडतं. पण ते पत्राशी आणि हिशेबाशी लावून बघावं लागतं.

आता खेळाकडे येऊ. खेळाडू एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो, ही काही आजची गोष्ट नाही. आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. सी. के. नायडू. जन्म नागपूरचा, १८९५ चा. १९२३ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना बोलावून घेतलं, लष्करात हुद्दा दिला. नागपूरचा माणूस इंदूरचा झाला. पुढे १९३२ मध्ये भारताच्या पहिल्या कसोटीचा कर्णधार तोच. दुसरं नाव विजय हजारे. जन्म सांगलीचा. महाराष्ट्राकडून खेळले आणि मग बडोद्याकडून. १९४७ च्या मार्चमध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, बडोदा विरुद्ध होळकर. बडोद्याकडून सांगलीच्या हजाऱ्यांनी २८८ केल्या, गुल महंमद यांनी ३१९, दोघांची भागी ५७७ धावांची. समोरच्या होळकर संघाचे कर्णधार नागपूरचे नायडू! म्हणजे मराठी मुलखातले दोन मोठे खेळाडू एकमेकांसमोर उभे होते आणि दोघंही आपापल्या गावच्या संघात नव्हते.

याला तेव्हा कोणी सौदा म्हटलं नाही. राजाश्रय म्हटलं. पैलवान जसा कोल्हापूरला जाई, गवई जसा बडोद्याला जाई, तसा क्रिकेटवाला इंदूरला गेला. राजा बोलावी, खेळाडू जाई. दोन संस्थानांनी बसून 'तुमचा हा घ्या, आमचा तो द्या' असं करण्याची गरज नव्हती, कारण खेळाडूवर कोणा संघाचा कागदी हक्कच नव्हता. ज्याच्या पदरी नोकरी त्याच्याकडून खेळ. संस्थानं गेली, पन्नाशीच्या दशकात होळकरांचा संघही मोडला. मग तीच जागा नोकरीने घेतली. रेल्वे, बँका, गिरण्या, मोठ्या कंपन्या. मुंबईत क्रिकेटचं तसं झालं, कबड्डीचंही तसंच झालं. चांगल्या चढाईपटूला कुठल्या कंपनीने नोकरी दिली, यावर पुढच्या वर्षी कोणता संघ भारी ठरणार ते कळायचं. तेव्हाही वावड्या असायच्याच. पण त्या नोकरीच्या वावड्या होत्या.

अदलाबदल, ज्याला आज सगळे 'ट्रेड' म्हणतात, ती अमेरिकेची. तिथे बेसबॉलमध्ये आणि नंतर बास्केटबॉलमध्ये संघमालकांचा खेळाडूवर कागदी हक्क असे. करार संपला तरी हक्क संपत नसे. मालकाच्या मनात आलं की खेळाडू दुसऱ्या गावाला पाठवायचा, त्याला विचारायचंसुद्धा नाही. १९६९ मध्ये कर्ट फ्लड नावाच्या बेसबॉलपटूला त्याच्या संघाने असंच सेंट लुइसहून फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो म्हणाला, मी जात नाही, मी काही विकत घ्यायची वस्तू नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ मध्ये तो हरला. बास्केटबॉलमध्ये ऑस्कर रॉबर्टसनने १९७० मध्ये असाच दावा लावला, त्यात १९७६ मध्ये तडजोड झाली आणि करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याची वाट खेळाडूंना हळूहळू मोकळी झाली. पण करार चालू असताना अदलाबदल करण्याचा मालकाचा हक्क राहिलाच. आजही एनबीएमध्ये फार थोड्या खेळाडूंच्या करारात नकाराचा हक्क असतो.

आता त्या खेळात तीन-तीन संघ का लागतात, हे समजून घेऊ. १९८४-८५ च्या हंगामापासून एनबीएने संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातली. मर्यादेच्या वर गेलेला संघ जेवढ्या पगाराचा माणूस बाहेर देतो, साधारण तेवढ्याच पगाराचा माणूस आत घेऊ शकतो. मोठा खेळाडू हवा तर तेवढ्या पगाराचं काहीतरी द्यावं लागतं. समोरच्याला ते नको असलं की तिसरा शोधायचा, ज्याच्याकडे जागा आहे. आपला बैलबाजार आठवा. एकाला जोडी हवी, दुसऱ्याला दुभती गाय हवी, पहिल्याकडे गाय नाही. मग गायवाल्या तिसऱ्याला मध्ये घ्यायचं, कोणीतरी वर थोडे पैसे द्यायचे, दलालाने रुमालाखाली बोटं दाबायची आणि व्यवहार पुरा करायचा.

१ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री अमेरिकेत अशीच एक घटना झाली. डॅलसचा लुका डोंचिच लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला, लेकर्सचा अँथनी डेव्हिस डॅलसला आला. तिसरा संघ होता युटा. त्याने लेकर्सचा एक तरुण खेळाडू घेतला आणि बदल्यात पुढच्या निवडीचे हक्क मिळवले. गंमत अशी की रोज शंभर वावड्या उठवणाऱ्या त्या देशात या सौद्याची वावडीच उठली नव्हती. खुद्द खेळाडूला रात्री कळलं. म्हणजे एक धडा हा की मोठा आवाज म्हणजे मोठी बातमी असं नसतं. आणि दुसरा, जो आम्हाला जास्त खुपतो, तो असा की त्या सगळ्या हिशेबात ज्याचं घर हलणार होतं त्यालाच कोणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे हे आलं आयपीएलबरोबर. फेब्रुवारी २००८ मध्ये पहिला लिलाव झाला आणि पुढच्याच वर्षी पहिली अदलाबदल. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान बंगळुरूहून मुंबई इंडियन्सकडे आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईहून बंगळुरूला गेला. एकास एक, सरळ. पण नियम कडक होते. २०१० मध्ये रवींद्र जडेजावर त्या हंगामापुरती बंदी आली, कारण राजस्थानशी बांधलेला असताना त्याने मुंबईशी परस्पर बोलणी केली, असा ठपका होता. संघांनी आपसात बोलावं, खेळाडूने परस्पर बोलू नये, असा तो कायदा. मात्र एक गोष्ट इथे अमेरिकेपेक्षा बरी आहे. अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते. बैलबाजार आणि विनंती-बदली यांच्यातलं अंतर त्या एका सहीमुळे पडतं.

आता मुख्य उदाहरण. नोव्हेंबर २०२३. तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. वावडी उठली की हार्दिक पंड्या गुजरात सोडून मुंबईला परत येणार. नीट तोलून बघू.

पहिला प्रश्न, माणूस तयार असेल का? हार्दिकला २०१५ मध्ये मुंबईनेच १० लाखांत घेतलं होतं. तिथेच तो मोठा झाला. २०२२ मध्ये तो गुजरातचा कर्णधार झाला, पहिल्याच वर्षी चषक, दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद. आता जो संघ दोन वर्षांत दोनदा अंतिम फेरीत नेला तो सोडून कोण जाईल? इथे पुष्कळांनी वावडी खोटी ठरवली. पण जुन्या घराची ओढ आणि नव्या घरात मिळू शकणारा मान, हेही पारड्यात होतंच.

दुसरा प्रश्न, पैशाचा. हार्दिकचा भाव १५ कोटी. तेव्हाच्या नियमाने प्रत्येक संघाला खेळाडूंवर एकूण १०० कोटी खर्चायची मुभा होती. मुंबईने बरेच खेळाडू सोडले, पण १५ कोटी हार्दिकला दिल्यावर डिसेंबरच्या लिलावासाठी हातात चिल्लर उरत होती. संघात खड्डे तर पुष्कळ. दोन संघांत हिशेब बसत नव्हता. टपरीवरचा आपला माणूस इथे म्हणाला असता, "मग लोणारची जागा कोण रिकामी करणार?"

तिसरा संघ शोधा. मुंबईकडे सगळ्यांत महाग माणूस कोण? कॅमेरॉन ग्रीन, १७.५ कोटी. एवढे पैसे कोणाकडे मोकळे होते? बंगळुरूकडे. त्यांनी हर्षल पटेल, हसरंगा, हेझलवूड असे महागडे गोलंदाज सोडून दिले होते. इतके मोहरे एकदम सोडणारा संघ काहीतरी घ्यायला निघालेला असतो. ग्रीन बंगळुरूला गेला, हार्दिक मुंबईला आला, तर मुंबईच्या पर्समध्ये अडीच कोटींची भर पडते. गुजरातच्या पर्समध्ये १५ कोटी परत येतात, शिवाय मालकाला वेगळी रक्कम मिळते, जी कधी जाहीर झाली नाही. तीन घरं, तिन्ही हिशेब जुळले. वावडी एकदम वजनदार झाली.

आणि आता यातली खरी मजा. २६ नोव्हेंबरला संघांनी कोण ठेवला, कोण सोडला याच्या याद्या जाहीर केल्या. गुजरातच्या यादीत हार्दिकचं नाव होतं! अधिकृत कागद. राजवाड्यांची शिस्त मानणारे आमच्यासारखे लोक म्हणाले, संपलं, वावडी खोटी. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, अदलाबदल जाहीर झाली. मग कागद खोटा होता का? नाही. त्या घटकेला तो खराच होता. ग्रीनचा व्यवहार पुरा होईपर्यंत हार्दिकचा होत नव्हता, साखळीची शेवटची कडी अडकलेली होती. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, पत्र वाचताना आधी तारीख वाचा. इथे तर तारखेच्या जोडीला वाजले किती, तेही बघावं लागलं.

तर सौदा खरा ठरला. पण इतिहासाचा माणूस तिथे थांबत नाही. खरा होता, मग चांगला होता का?

१५ डिसेंबरला मुंबईने हार्दिकला कर्णधार केलं. रोहित शर्माला बाजूला केलं. ज्याने २०१३ पासून २०२० पर्यंत पाच चषक जिंकून दिले, तो रोहित. २०२४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा अहमदाबादच्या लोकांनी हार्दिकची हुर्यो केली. ते एक समजू शकतं, त्यांना सोडून गेला होता. पण १ एप्रिलला वानखेडेवर, आपल्या घरच्या मैदानावर, मुंबईच्या लोकांनीही केली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना सांगावं लागलं की जरा नीट वागा. मुंबई चौदांपैकी चार सामने जिंकून दहावी, म्हणजे शेवटची आली. गुजरात आठवं. बंगळुरू चौथं येऊन पहिल्याच बाद सामन्यात गारद. तिघांचा हिशेब कागदावर जुळला होता, आणि तिघांनाही चषक मिळाला नाही.

चुकलं कुठे? आम्हाला वाटतं, वहीत एक रकाना कमी होता. माणूस दुसऱ्या घरी जातो तेव्हा त्या घरात आधीपासून कोणीतरी असतो. त्याचा मान, त्याच्याभोवती जमलेले सोबती, बाहेर बसलेली त्याची माणसं, यांची किंमत कोटीत लिहिता येत नाही म्हणून ती लिहिलीच जात नाही. शाळेत नवे गुरुजी येतात, फार हुशार असतात, पण आधीचे गुरुजी गावाने रडून निरोप दिलेले असतात. नव्यांना पहिलं वर्ष जड जातंच. त्यात त्या नव्या माणसाचा दोष काय असतो? हार्दिकने सही केली होती, हे खरं. पण ज्या रागाला तो तोंड देत होता तो राग त्याच्या खेळावरचा नव्हता. तो न विचारल्याचा राग होता, आणि ज्यांना विचारलं नव्हतं ते गॅलरीत बसले होते.

पुढचंही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. २९ जून २०२४, बार्बाडोस, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या. चेंडू रोहितने कोणाच्या हातात दिला? हार्दिकच्या. भारत जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली, आणि त्याच वानखेडेवर लोक हार्दिकच्या नावाचा जयघोष करत होते. तीन महिन्यांत! म्हणून आम्ही म्हणतो, सौद्याचा निकाल एका हंगामात लावू नका. आणि वावडी ऐकून माणसाला शिव्या तर मुळीच देऊ नका.

आता घाईघाईने दुसरं गणित, कारण त्या पोरांना ते स्वतः करता यावं. नोव्हेंबर २०२५ मध्ये काही आठवडे चर्चा चालली की संजू सॅमसन राजस्थानहून चेन्नईला जाणार आणि जडेजा, सॅम करन राजस्थानला येणार. तोच जडेजा, ज्याच्यावर २०१० मध्ये बंदी आली होती. व्यवहार अडला होता कुठे? राजस्थानकडे. परदेशी खेळाडूंच्या जागा आठच असतात आणि त्या भरलेल्या, पर्सही जवळपास रिकामी. १५ नोव्हेंबरला यादी आली तेव्हा बघा काय दिसलं. सॅमसन १८ कोटींना गेला. त्याच वेळी नितीश राणा ४.२ कोटींना दिल्लीला गेला. म्हणजे २२.२ कोटी मोकळे. आत आले जडेजा १४ कोटींना, त्याचा भाव १८ वरून खाली आणला होता, करन २.४ ला, आणि दिल्लीहून डोनोव्हन फरेरा १ कोटीला. एकूण १७.४. चेन्नई-राजस्थानच्या बातमीत दिल्लीचं नाव फारसं कोणी घेत नव्हतं, पण राजस्थानची वही दिल्लीला धरूनच पुरी होते. कागदावर हे वेगवेगळे व्यवहार आहेत. वही उघडली की एकमेकांना लागून बसलेले दिसतात. त्याच सुमारास पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौहून २ कोटींना मुंबईला आला आणि अर्जुन तेंडुलकर मुंबईहून ३० लाखांना लखनौला गेला. लोक त्याला अदलाबदल म्हणतात, नोंदीत ते दोन स्वतंत्र व्यवहार आहेत.

तर पोरांनो, पुढच्या वेळी मोबाइलवर बाण दिसले की चार गोष्टी विचारा. सांगणारा कोण, आणि बातमी खोटी निघाली तर त्याचं काही बुडतं का? कोणाची जागा रिकामी होते, कोणाची भरते? पैसा कुठून येतो, आणि जुळत नसेल तर तिसरा कोण? आणि सगळ्यांत शेवटी, खरं तर सगळ्यांत आधी, जो जाणार आहे त्याची इच्छा काय, आणि जिथे जाणार तिथे कोणाच्या जागेवर तो बसणार?

संपवतो. नायडूंपासून सुरुवात केली, तिथेच परत येतो. १९२३ मध्ये नागपूरचा माणूस इंदूरला गेला, कारण नागपुरात त्याला होळकर नव्हते. त्यानंतर किती वर्षं आपण विदर्भवाले दुसऱ्यांची नावं घेऊन क्रिकेट बघत होतो! २०१५ मध्ये मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडून खेळायला आला. त्याच्या नावाची बोली लागली नव्हती. वय वाढलेलं, मुंबईत नवी पोरं उभी. २०१८ च्या १ जानेवारीला विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, दिल्लीला हरवून. विजयी फटका जाफरच्या बॅटचा. आणि मैदान कोणतं होतं? इंदूरचं, होळकर स्टेडियम. पुढे २०२४-२५ चा करंडक नागपुरात आला तेव्हा केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात शतक होतं कर्नाटकहून आलेल्या करुण नायरचं. तो परत कर्नाटकात गेला. आपला अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला, हजारे गेले होते त्याच वाटेने.

येणारे येतात, जाणारे जातात. नागपूरच्या रस्त्यावर गाव असलं की हे आपोआप कळतं, एसटी दोन्हीकडे जाते. जाफर आणि नायर आले तेव्हा विदर्भाने त्यांना परके म्हटलं नाही. वावडी तोलायला हिशेब येतो, तो शिकवता येतो, आज थोडा शिकलो. आलेल्या माणसाला आपलं म्हणायचं ते मात्र कुठल्याही पर्समधून विकत मिळत नाही, ते आपण बघणाऱ्यांनीच द्यायचं असतं.

नमस्कार. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि हो, मागच्या वेळची ती पोरं आली असतील तर पुढे या. या वेळी आम्ही उत्तर देऊ.